बाथरूम दोन, माणसं नऊ

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की घरात जागेवरून कशाकशाचे खटके उडतात, आणि आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त पत्रं निघाली बाथरूमची. कुणी चिडून लिहिलंय, कुणी लाजत लाजत, एकदोघींनी तर नाव छापू नका म्हणून तीनतीनदा बजावलंय. मला हा विषय अजिबात किरकोळ वाटत नाही, कारण दिवस तिथूनच सुरू होतो आणि ज्याला पोटाचा किंवा लघवीचा त्रास आहे त्याचा तर अख्खा दिवस त्यावर ठरतो. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, पण एक पत्र क्रम मोडून आधी घेते, कारण ते थांबण्यासारखं नाहीये.

प्रश्न : ताई, आम्ही घरात सात जण आणि बाथरूम एकच. गॅस गीझर बाथरूमच्या आतच बसवलाय. वेळ वाचावा म्हणून सकाळी एकामागून एक आंघोळी उरकतो, गार वारा येतो म्हणून खिडकी बंद असते. सगळ्यात शेवटी माझी वहिनी जाते आणि हल्ली तिला आत गेलं की गरगरतं, डोकं ठणकतं, बाहेर येऊन बसली की थोड्या वेळात बरं वाटतं. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, सगळ्यांचं आवरून मग जाते ना म्हणून. तसंच असेल का?

उत्तर : नाही हो, हे वाचत असाल तर आधी उठून तो गीझर बंद करा आणि मग पुढचं वाचा. गॅस जळायला हवा लागते. बंद बाथरूममध्ये एकेक आंघोळ होत जाते तसतसा आतल्या हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, मग गॅस नीट जळत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही, त्यामुळे माणसाला काही कळतच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो, म्हणजे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. पहिल्या माणसाला काहीच होत नाही, सातव्याला होतं, आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटणं हीच तर खूण आहे. चक्कर, डोकेदुखी, मळमळ इथपासून सुरू होतं आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडून जीव जाऊ शकतो, कडी आतून लावलेली असते, बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चाललीय.

वहिनींना आजच डॉक्टरांकडे न्या आणि 'गॅस गीझर बाथरूमच्या आत आहे' हे वाक्य आवर्जून सांगा, नाहीतर तिथेही अशक्तपणाच्या गोळ्या मिळायच्या. गीझर आणि सिलेंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवा, आत फक्त गरम पाण्याचा नळ येऊ दे. तोपर्यंत पाणी बाहेर तापवून आत न्या. खिडकी उघडी ठेवली की झालं असं मानू नका. दाराला बाहेरून उघडता येईल अशी कडी लावा. आणि कधी कुणी आत कोसळलंच तर दार उघडून त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत ओढा, गॅस बंद करा, अँब्युलन्स बोलवा, आत बसून पाणी मारत वेळ घालवू नका. घरात कुणी गरोदर असेल, लहान मुलं असतील, कुणाला हृदयाचा त्रास असेल तर त्यांना याचा धोका आणखी जास्त.

आणि एक विचारते, रोज शेवटचा नंबर वहिनीचाच का?

प्रश्न : आम्ही नऊ जण. सासूबाई-मामंजी, आम्ही दोघं, दीर-जाऊबाई, आमची दोन मुलं, त्यांचा एक. बाथरूम दोन, दोन्हीत संडास आणि आंघोळ एकत्रच. सकाळी सहा ते आठ या वेळात सगळ्यांनाच आवरायचं असतं. एक बाथरूम दीर-जाऊबाईंच्या बाजूचं म्हणून त्यांचं आणि एक आमचं, सासूबाई-मामंजी आमच्यात. मी भिंतीवर छान टाइमटेबल लावलं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, चार दिवस चाललं आणि मग पुन्हा दारं वाजवणं, आरडाओरडा, मुलांची बस चुकणं. तिसरं बाथरूम बांधणं शक्य नाही. काय करू?

उत्तर : तुमचं टाइमटेबल बारगळलं यात कुणाचा आळस नाही. त्यात आंघोळ आणि संडास एकाच खान्यात टाकलेत तिथे गाडी अडली. आंघोळ ठरवून करता येते, सहा दहाची साडेसहाला केली तरी काही बिघडत नाही. संडासाचं तसं नसतं. सकाळी पोटात काही गेलं की मोठं आतडं हालचाल सुरू करतं, हे शरीराचं स्वतःचं घड्याळ आहे आणि ते भिंतीवरचा कागद वाचत नाही. म्हणून टाइमटेबल फक्त आंघोळीचं करा, आणि घरात एकच नियम पक्का करा की संडासला लागलीय असं कुणी म्हटलं तर ज्याची आंघोळ अजून सुरू व्हायचीय तो बाजूला होणार, त्याचा नंबर असला तरी, आणि त्यावर वाद नाही.

आता जरा हिशोब करू. एका माणसाचा आत जाणारा वेळ बघा, संडास ८ मिनिटं, आंघोळ १२, दात घासणं ४, आणि दाढी, केस विंचरणं, कपडे घालणं वगैरे ८. झाली ३२ मिनिटं. नऊ जणांची २८८. तुमच्याकडे आहेत दोन बाथरूम गुणिले दोन तास, म्हणजे २४० मिनिटं. म्हणजे सगळे कितीही शहाण्यासारखे वागले तरी हे बसूच शकत नाही, उगाच एकमेकांवर चिडताय. आता दात घासणं आणि दाढी-केस-कपडे बाहेर काढा, राहिली माणशी २० मिनिटं, एकूण १८०. त्यातल्या तिघांनी आंघोळ रात्रीवर नेली तर १४४. आता बसलं, आणि बऱ्यापैकी मोकळं बसलं.

ही मोकळी जागा फार महत्त्वाची आहे, ती वाया गेलेली नसते. रांगांचं गणित एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोन एक्स्चेंजवर काम करताना सुरू केलं, तिथेही प्रश्न हाच होता की लाइनी मोजक्या आणि बोलणारे कधीही येणार. एकच बाथरूम आहे, लोक कधीही येतात, कुणाला कमी वेळ लागतो कुणाला जास्त, असं धरलं तर बाथरूम निम्मा वेळ भरलेलं असताना साधारण एका माणसाच्या वेळाइतकं थांबावं लागतं, ८० टक्के भरलेलं असेल तर चौपट, ९० टक्क्यांना नऊपट. म्हणजे शेवटचं दहा-वीस टक्के भरायला गेलात की सगळी सकाळ आडवी होते. म्हणून दोघा-तिघांनी रात्री आंघोळ करण्याने इतका फरक पडतो, तुम्हाला वाटेल तीनच तर माणसं कमी झाली.

दुसरं, 'आमचं' आणि 'त्यांचं' हे सकाळच्या दोन तासांपुरतं बंद करा. आत्ता तुमच्या बाथरूमवर सहा जण आणि पलीकडे तीन. इकडे चौघे ताटकळतात तेव्हा तिकडचं दार उघडं असतं. दोन्ही सगळ्यांची केली आणि जे रिकामं होईल त्यात पुढचा गेला तर एक मिनिटही न वाढवता थांबणं कमी होतं. जाऊबाईंना हे पटवायचं कसं ते पुढच्या पत्रात येतंय.

तिसरं, कमी वेळवाला आधी. समजा तिघं दारात उभी आहेत, एकाला ३ मिनिटं लागणार, एकाला ५, एकाला २०. वीसवाला आधी, मग तीनवाला, मग पाचवाला असं गेलं तर बाकीच्या दोघांचं थांबणं मिळून ४३ मिनिटं. तीनवाला, मग पाचवाला, मग वीसवाला असं गेलं तर सगळं मिळून ११. वीसवाल्याला जास्तीची ८ मिनिटं पडली आणि घराची ३२ वाचली. घरात 'मला दोनच मिनिटं' म्हणणाऱ्याला सोडतात तेव्हा हेच होत असतं, फक्त तो खरंच दोन मिनिटांत बाहेर यायला हवा, हा विश्वास एकदा तुटला की कुणी सोडत नाही.

बाहेर काय काढायचं ते बघा. बेसिन बाहेर नसेल तर पॅसेजमध्ये किंवा बाल्कनीत, जिथे पाण्याची लाइन आणि निचरा जवळ असेल तिथे लावून घ्या, हा खर्च बाथरूमच्या मानाने फारच कमी. आरसा बाथरूममधून काढाच, खरंच सांगते, आरसा आत असला की माणूस आतच रेंगाळतो. खोल्यांमध्ये एकेक आरसा लावा. कपड्यांचं मात्र ज्यांना खोलीत आडोसा मिळतो त्यांनाच सांगा, ज्या बाईला हॉलमधून ओल्या अंगाने जावं लागणार तिला आतच कपडे घालू द्या, तिच्यासाठी दाराच्या वरच्या बाजूला, शिंतोडे उडणार नाहीत असे दोन हुक लावा.

गीझरचंही सांगते कारण निम्मी भांडणं गरम पाण्यावरून असतात. २५ लिटरचा आणि २ किलोवॅटचा गीझर असेल तर २० अंशाचं पाणी ६० अंशापर्यंत न्यायला साधारण ३५ मिनिटं लागतात. त्यात गार मिसळून अंगावर घेण्यासारखं ४० अंशाचं पाणी मिळतं जेमतेम ५० लिटर, म्हणजे अडीच बादल्या. शॉवर मिनिटाला ८-१० लिटर सोडतो. म्हणजे एकाने पाच-सहा मिनिटं शॉवर घेतला की टाकी संपली आणि मागच्याला गार पाणी, मग तो नळ सोडून वाट बघत उभा राहतो आणि बाहेर रांग वाढते. सकाळी सहा ते आठ बादलीच, शॉवर रात्रीवाल्यांना. गीझर पहिल्या आंघोळीच्या ४० मिनिटं आधी लावायचा आणि बादलीवाल्यांमध्ये संडासला जाणारे येऊ द्यायचे, म्हणजे तेवढ्यात पाणी पुन्हा तापतं.

प्रश्न : मी घरातली मोठी सून. आमच्या बेडरूमला अटॅच्ड बाथरूम आहे आणि सकाळी सगळं घर आमच्या खोलीतून ये-जा करतं. मी झोपलेली असते, कधी कपडे बदलत असते, दार ढकलून पुतण्या आत. यावर बोलले तर 'एवढं काय, घरचेच आहेत' असं ऐकावं लागतं. मी स्वार्थी आहे का?

उत्तर : अजिबात नाही. वरच्या पत्रात मी दोन्ही बाथरूम सगळ्यांची करा म्हटलंय खरं, पण ते तुमच्या खोलीच्या जिवावर नाही. मला वाटतं अशा घरांमध्ये ज्याच्या खोलीतून वाट जाते त्याला काय सोसावं लागतं हे कुणी मोजतच नाही.

वेळ ठरवून घ्या. उदाहरणार्थ साडेसहा ते आठ दार उघडं, त्याआधी आणि नंतर बंद, आणि बंद म्हणजे कडी लावून बंद. हे तुम्ही एकट्या सांगू नका, तुमच्या मिस्टरांनी सगळ्यांसमोर सांगायला हवं, सुनेने सांगितलं की तक्रार ठरते आणि मुलाने सांगितलं की नियम ठरतो, हे बरोबर नाहीये पण आजची अडचण आज सुटू दे. मोबदल्यात त्या खोलीला काहीतरी मिळायला हवं, जसं की त्या बाथरूमची रोजची साफसफाई तुमच्या एकटीच्या गळ्यात नको.

जागेचं बघाल तर कपाट फिरवून लावता येतं का पाहा, म्हणजे दारापासून बाथरूमपर्यंत एक बोळ तयार होईल आणि पलंग आडोशाला जाईल. छताला रॉड ठोकून जाड पडदा लावला तरी चालतो. आणि बाथरूमची एखादी भिंत पॅसेजला लागून असेल तर तिकडून दुसरं दार काढता येतं का ते इंजिनियरला विचारा, ती भिंत भार पेलणारी नाही ना हे पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन दारांच्या बाथरूमची एक पंचाईत असते, माणूस पॅसेजच्या दाराने बाहेर येतो आणि तुमच्या बाजूची कडी आतून लावलेली तशीच राहते, मग तुम्ही बाहेर अडकता. म्हणून तुमच्या बाजूला अशी कडी बसवा जी खोलीतून नाणं घालूनही फिरवता येईल.

पुतण्याला मात्र आजपासून दार वाजवायला शिकवा. वाजवायचं, उत्तर आलं की आत यायचं.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, प्रोस्टेटचा त्रास आहे आणि बीपीसाठी लघवी होण्याची गोळी सकाळी साडेसहाला घेतात. त्यानंतर तासाभरात तीनतीनदा जावं लागतं आणि नेमका तेव्हाच माझा कॉलेजातला मुलगा मोबाइल घेऊन आत बसलेला असतो, वीस-पंचवीस मिनिटं. परवा बाबांना दारापर्यंत पोचेपर्यंत कपड्यातच झालं. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि आता पाणी पिणंच कमी केलंय.

उत्तर : हे वाचून फार वाईट वाटलं. पाणी कमी करणं आधी थांबवा. घट्ट लघवीने मूत्राशयाला आणखी चुरचुर होते, बद्धकोष्ठता वाढते, इन्फेक्शन होऊ शकतं, आणि बीपीची गोळी चालू असताना पाणी कमी पडलं तर उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते. डॉक्टरांनी पाण्याला मर्यादा घालून दिली असेल तर गोष्ट वेगळी, पण स्वतःच्या मनाने नको. रांगेच्या धास्तीने पाणी तोडणारी माणसं घरोघरी आहेत, बायका तर सर्रास करतात.

गोळीची वेळ डॉक्टरांना विचारा. अशा गोळ्यांचा असर बहुतेक वेळा तासा-दोन तासांत सुरू होऊन पुढचे काही तास टिकतो, म्हणजे तुमच्या घरात तो बरोबर गर्दीच्या वेळी येतोय. ती लवकर घेता येईल का किंवा घर रिकामं झाल्यावर साडेआठला घेता येईल का हे एका फोनवर कळेल. डॉक्टरांना न विचारता बदलू मात्र नका. परवाचा प्रसंगही त्यांना सांगा, बाबा स्वतः सांगणार नाहीत.

त्यांच्या खोलीत एक झाकणाचं युरिन पॉट ठेवा. आधी नाही म्हणतील. 'तुम्हाला जमत नाही म्हणून' असं न सांगता 'सकाळी बाथरूम रिकामं नसतं म्हणून' असं सांगा, आणि खरं कारणही तेच आहे. रात्री उठायला लागतं त्यासाठी तर ते पाहिजेच, अंधारात ओल्या फरशीवरून जाण्यापेक्षा फार बरं. बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला भिंतीत पक्कं बसवलेलं हँडल लावा, टॉवेलच्या दांडीला धरून उठू देऊ नका, ती उपटून येते. आंघोळीनंतर प्रत्येकाने वायपरने पाणी ओढायचं, हे दहा सेकंदांचं काम आहे.

आता नातू. त्याला ओरडू नका, जवळ बसवून आजोबांचं काय झालं ते स्पष्ट सांगा, त्याला बहुधा माहीतच नसणार. मोबाइल बाहेर ठेवून जायचं, हा नियम त्याच्या एकट्यासाठी नाही, तुमच्यासकट सगळ्यांसाठी. आणि त्याच्याही भल्याचं आहे, कमोडवर उगाच बराच वेळ बसून राहिलं की गुदद्वाराजवळच्या शिरांवर ताण येतो, मूळव्याधीला ते एक निमित्त होतं. आपल्याच खोलीत निवांत बसता येत नाही म्हणून पोरं आत जाऊन बसतात हेही खरं आहे, तेव्हा त्याला घरात अर्धा तास कुणी हाक मारणार नाही असा एखादा कोपरा देता आला तर बघा.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची, चुलतभावंडं मोठी आहेत. ती आत गेली की बाहेरून दार बडवतात, 'किती वेळ' म्हणून. आता ती सकाळी जातच नाही. शाळेत जात नाही, संध्याकाळी पोट दुखतं म्हणते, तीन-चार दिवसांनी एकदा होते आणि तेव्हा रडते. चड्डीला थोडं थोडं लागलेलं असतं, मी त्यावरून तिला रागावले.

उत्तर : रागावणं आजपासून बंद, ती मुद्दाम करत नाहीये आणि तिला ते कळतही नसणार. मूल शौचाची घाई दाबून ठेवतं तेव्हा मळ गुदाशयात साठून राहतो, शरीर त्यातलं पाणी शोषत राहतं, तो कडक आणि मोठा होतो, मग करताना दुखतं, आणि दुखतं म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी दाबतं. असं होत राहिलं की आतला भाग ताणून मोठा होतो आणि आता लागलीय ही जाणीवच बोथट होते. कडक मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपतो, तेच चड्डीला लागतं. बऱ्याच आयांना वाटतं की जुलाब होतायत, प्रत्यक्षात उलटं असतं.

मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण साठलेलं बाहेर काढायला औषध लागू शकतं आणि नंतरही ते काही महिने चालू ठेवावं लागतं, थोडं बरं वाटलं की आपल्या मनाने बंद केलं तर पुन्हा तेच होतं. घरात एवढं करा की काही खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तिला बसवायचं, पाच ते दहा मिनिटं, झाली नाही तरी हरकत नाही. सकाळी जमत नसेल तर शाळेतून आल्यावरचं खाणं झालं की बसवा, तेव्हा घर मोकळं असतं. पाय लटकत असतील तर पायाखाली स्टूल द्या, गुडघे कमरेच्या वर आले की जोर कमी लागतो, बसून बघा तुम्हालाही कळेल.

आणि ती आत असताना तुम्ही दाराबाहेर उभ्या राहा. पंधरा दिवस तरी. मोठ्या भावंडांना सांगा की दार बडवायचं नाही, घाई असेल तर मला येऊन सांगायचं.

प्रश्न : मी दहावीत आहे. घरात आठ जण, त्यात काका, दादा, आजोबा. पाळीच्या दिवसांत मला आत जास्त वेळ लागतो आणि बाहेर आले की सगळे बघतात. पॅड कागदात गुंडाळून फ्रॉकच्या खिशात लपवून बाहेर आणावं लागतं. म्हणून मी शाळेत जाताना लावलेलं थेट घरी येऊन रात्री बदलते. आईला सांगितलं तर म्हणाली सगळ्याच जणी असंच करतात.

उत्तर : बाळा, तू लिहिलंस ते बरं केलंस. इतका वेळ एकच पॅड ठेवू नकोस, दर चार ते सहा तासांनी बदलायचं, जास्त जात असेल तर त्याआधीच. ओलसर राहिलं की पुरळ येतं, मांड्या सोलवटतात, खाज सुटते. शाळेत एक जास्तीचं नेत जा.

पुढचं हे आईला वाचायला दे. ताई, बाथरूमच्या आत पायाने उघडणारी, झाकणाची कचरापेटी ठेवा, आत पिशवी लावून, आणि भिंतीवर एक बंद छोटं कपाट करा ज्यात पॅड, जुने कागद आणि एक जादा चड्डी राहील. म्हणजे घरातल्या कुठल्याही बाईला हातात काही घेऊन आत जायला नको आणि लपवून बाहेर यायला नको. पेटी रोज रिकामी व्हायला हवी, आणि ते काम मुलीचंच असं नाही. कमोडमध्ये पॅड टाकायचं नाही, पाणी शोषून ते फुगतं आणि पाइप तुंबतो. शक्य झालं तर त्या पाच दिवसांत तिचा आंघोळीचा नंबर शेवटचा किंवा रात्रीचा ठेवा, म्हणजे मागे कुणी उभं नसेल. आणि घरातल्या पुरुषांना तुम्ही सांगा की आत कोण आहे आणि किती वेळ लागतोय हे दारासमोर मोठ्याने विचारायचं नाही. कारण सांगायची गरज नाही, पण सांगितलंत तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : सहा जणांत एक संडास-बाथरूम आणि धुते मी एकटीच. परवा पटकन चकचकीत व्हावं म्हणून टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र टाकलं तर इतका ठसका लागला की बाहेर पळाले.

उत्तर : पळालात ते बरोबर केलंत. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये अ‍ॅसिड असतं आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, फुप्फुसांना तो भाजून काढतो. एका वेळी एकच वापरायचं, खिडकी उघडी, आणि भरपूर पाण्याने धुऊन झाल्यावरच दुसरं, खरं तर दुसऱ्या दिवशीच. अजून खोकला किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एकटीनेच धुण्याचं म्हणाल तर आठवड्याची मोठी सफाई वाटून घ्या आणि रोजची ज्याची त्याने. कमोडजवळ ब्रश, जाळीवरचे केस काढायला चिमटा, वायपर, हे सगळं समोर दिसेल असं टांगलेलं हवं, कपाटात ठेवलं की कुणी काढत नाही. मुलग्यांनाही लावा, बारा-तेरा वर्षांच्या पोराला हे सहज जमतं. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तर त्या दिवसांत फ्लशचं बटण, नळ आणि कडी दिवसातून दोनदा पुसायची आणि सगळ्यांनी साबणानेच हात धुवायचे. नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका, पोट बिघडवणारे काही विषाणू, नोरोव्हायरससारखे, त्याला फारसे दाद देत नाहीत. टॉवेल, रेझर, ब्रश प्रत्येकाचे वेगळेच. रेझर आणि टूथब्रशला रक्त लागलेलं असू शकतं, त्यातून हिपॅटायटिस बी, सी पसरतो, आणि टॉवेलातून नायटा घरभर फिरतो.

प्रश्न : थोडे पैसे साठलेत. पूर्ण नवीन बाथरूमला जागा नाही. आहे त्यात काय केलं तर जास्त फायदा?

उत्तर : संडास आणि आंघोळ वेगळी करा, मध्ये भिंत घाला आणि दोन दारं द्या. त्याच जागेत दोन माणसं एकाच वेळी मावतात, आणि आंघोळवाला आत असताना कुणाचं पोट अडून राहत नाही. जपानमध्ये घरं लहान असूनही संडासाची खोली बऱ्याचदा वेगळीच असते. संडासापुरती जागा साधारण तीन फूट बाय चार फूट मिळाली तरी अडचणीत का होईना निभतं, फक्त दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं करा, आत कुणी पडलं तर आत ढकलायचं दार उघडतच नाही. दोन्हीकडे हवा जायला झरोका किंवा एक्झॉस्ट फॅन पाहिजे, एकामागून एक आंघोळी होतात तिथे भिंत वाळायला वेळच मिळत नाही आणि बुरशी धरते.

कमोडची जागा शक्यतो हलवू नका. त्याचा पाइप चार इंची असतो आणि त्याला उतार द्यावा लागतो, साधारण चाळीस फुटांना एक फूट, त्यामुळे कमोड मुख्य पाइपपासून जितका लांब नेला तितकी फरशी उचलावी लागते, आणि उतार कमी पडला की दर महिन्याला तुंबणं आलंच. हलवायचं झालं तर आंघोळीचा नळ हलवा. प्लंबर 'होऊन जाईल' म्हणाला तरी फरशी बसवण्याआधी त्याच्यासमोर दोन बादल्या पाणी ओतून बघा, ते कुठे थांबतं का.